सुई नको, गोळीच द्या!

“डॉक्टरसाहेब, पाहिजे तेवढ्या गोळ्या द्या, पण इन्शुलिनची सुई नको.” सरकारी दवाखान्याच्या मधुमेहाच्या ओपीडीत तासभर बाकावर बसले तर हे वाक्य तीन-चार वेळा तरी कानी पडते. वस्तीतील आजारी माणसांबरोबर आम्हाला तिथे नेहमी जावे लागते. का नको म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते. “आमच्या चाळीतल्या अमक्याला सुई लावली आणि सहा महिन्यांत त्याची किडनी गेली.”

आम्ही वैद्यकीचे नव्हे, वाणिज्याचे पदवीधर. पण जमाखर्च कळतो, आणि हा हिशेब उलटा मांडलेला आहे हे सांगायला डॉक्टरच हवा असे नाही. त्या अमक्याची साखर पंधरा वर्षे वाढलेलीच होती. गोळ्या कधी घेतल्या, कधी पगार संपला म्हणून सोडल्या. त्या सर्व काळात मूत्रपिंड आतून झिजतच होते. शेवटी गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी सुई सांगितली, आणि नेमके त्याच सुमारास मूत्रपिंडानेही हात टेकले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. दोष मात्र कावळ्याला! ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, हे कालामांना सांगणाऱ्या तथागताचे आपण अनुयायी. निदान आपण तरी हे तपासून पाहायला हवे.

इन्शुलिनने मूत्रपिंड निकामी होत नाही. ते होते दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक चाळण्या असतात. साखर आणि दाब यांच्या माऱ्याने त्या सैल होतात आणि रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीवाटे गळू लागते. दुखत नाही, खुपत नाही. पायावर सूज येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. ब्रिटनमध्ये हजारो मधुमेहींवर अनेक वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये डोळे, मूत्रपिंड यांसारखे बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. त्यांतले काही गोळ्यांवर होते, काही इन्शुलिनवर. फायदा दोघांनाही झाला. म्हणजे प्रश्न गोळी की सुई हा नाही, साखर आटोक्यात आहे की नाही हा आहे.

पुष्कळांचा समज असा की गोळी म्हणजे तोंडाने घ्यायचे इन्शुलिन. तसे नाही. इन्शुलिन हे प्रथिन आहे. ते गिळले तर डाळीतल्या प्रथिनासारखे पोटात पचून जाते, म्हणूनच सुई. गोळ्या वेगळे काम करतात. काही स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, मेटफॉर्मिनसारख्या काही असलेल्या इन्शुलिनचा परिणाम वाढवतात. वर्षे जातात तसे अनेकांचे स्वादुपिंड थकते, मग रिकाम्या विहिरीवर मोट हाकून काय मिळणार? लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात तर पहिल्या दिवसापासून इन्शुलिनच लागते. तिथे गोळीचा हट्ट धरणे म्हणजे लेकराच्या जिवाशी खेळ.

आता मूत्रपिंड खरोखरच बिघडले असेल तर? तेव्हा तर सुईची भीती अगदीच चुकीच्या जागी आहे. मूत्रपिंडाची कार्यक्षमता दाखवणारा ईजीएफआर हा आकडा ३० च्या खाली गेला की मेटफॉर्मिन बंद करतात. ग्लायबेनक्लामाइडसारखी गोळी शरीरात साचून साखर धोकादायकरीत्या उतरवू शकते. अशा रुग्णाला इन्शुलिन हाच बहुधा भरवशाचा आधार उरतो. सगळ्या गोळ्या वाईट असेही नव्हे. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या मूत्रपिंडाची झीज मंदावतात. कोणती कोणाला, हे डॉक्टरांनी ठरवायचे. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून औषध आणणे थांबवा. आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून रोज डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे की मूत्रपिंडाचा खरा वैरी इन्शुलिन नसून ती गोळी आहे.

सुई लागली म्हणजे माणूस संपला, असेही म्हणतात. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि ते इन्शुलिन घेत. १५ एप्रिल १९४८ रोजी ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या माईसाहेब, म्हणजे डॉ. शारदा कबीर, स्वतः डॉक्टर होत्या. त्यानंतर नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधानाचा मसुदा घटना समितीपुढे मांडला गेला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरची धम्मदीक्षा झाली. पायांच्या वेदनांनी झोप नसलेल्या देहाने हे केले. तेव्हा सुई म्हणजे शेवट, हे आपल्या घरात तरी कोणी बोलू नये.

सुईलाही जपावे लागते, हे खरेच. इन्शुलिन घेऊन उपाशी राहिले की साखर उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासिकांनी आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्यावा. बाटली ४० युनिटची असेल तर सिरिंजही ४० चीच हवी. १०० ची वापरली तर मात्रा चुकते. फ्रीज नसेल तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मातीच्या मडक्यात गारव्याला ठेवावी, चुलीजवळच्या फळीवर नव्हे.

आणखी एक गोष्ट, जिने भले भले फसतात. मूत्रपिंड मंदावले की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि साखर आपोआप खाली येऊ लागते. घरात आनंद होतो, “सुई कमी झाली, साखर गेली!” पथ्य तेच, औषध तेच, आणि तरी साखर उतरली, तर पेढे वाटण्याआधी क्रिएटिनिन तपासा. एरवीही प्रत्येक मधुमेहीने वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन, दोन्ही तपासून घ्यावे. क्रिएटिनिन उशिरा वाढते, अल्ब्युमिन आधी बोलते. डॉक्टर घाईत असतील तर आपण होऊन मागावे, आणि रिपोर्टचे कागद रेशनकार्डाच्या पिशवीत एकत्र ठेवावेत. पुढच्या खेपेला जुना आकडा हाताशी असला तर झीज किती झाली ते डॉक्टरांना एका नजरेत दिसते.