वाचलेली म्हणून बाद

मे महिन्यात पोलादपूरहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. (घरच्या मंडळींना सांगायला नको, बाकीच्या वाचकांसाठी आपलं सांगितलं.) मुंबईत आयुष्य काढून तो आता गावी परतलाय. पावसाआधी घर शाकारायचं म्हणून माळा रिकामा करत होता. म्हणाला, "अरे, आपली इंद्रजाल कॉमिक्स सापडली! अख्खी ट्रंक आहे. आणि पुण्याचे एक गृहस्थ बघायला येतायत रविवारी. विकत घेतात म्हणे."

रविवारी मी मुद्दाम गेलो. गृहस्थ सज्जन होते आणि विषयातले जाणकारही होते. आधी हात धुऊन कोरडे केले, मग एकेक अंक उचलून कणा, पिना, कोपरे, मागचं पान असं सगळं निरखलं. तासाभरात दोन गठ्ठे झाले. डावीकडे सात अंक, उजवीकडे पन्नासच्या वर. डाव्या गठ्ठ्याला त्यांनी जी रक्कम सांगितली ती माझ्या पहिल्या पगारापेक्षा जास्त होती. मी उजव्या गठ्ठ्याचं विचारलं. ते जरा अवघडून म्हणाले, "त्यांचं काय... ती वाचलेली आहेत हो."

वाचलेली आहेत! पुस्तकाबद्दलची तक्रार म्हणून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे, तो आज इथे सोडतोय.

आधी हा नियम आला कुठून ते बघू. तो अर्थातच अमेरिकेतला. १९३८ साली 'अॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक आला, त्यात सुपरमॅन पहिल्यांदा दिसला. किंमत १० सेंट. त्याचीच एक प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरला गेली. १९३९ च्या 'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकाची एक प्रत तर नोव्हेंबर २०२५ मध्ये ९१ लाख २० हजार डॉलरला गेली. ती कॅलिफोर्नियात एका दिवंगत आईच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगाखाली मुलांना सापडली होती. अशा अंकांना गुण देणारी सीजीसी नावाची कंपनी तिथे २००० साली निघाली. अर्ध्यापासून दहापर्यंत गुण. गुण दिले की अंक कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद. वरच्या दोन अंकांना साडेआठ आणि नऊ गुण होते. एका गुणाच्या फरकाने किंमत कुठल्या कुठे जाते.

मी त्याला हसणार नाही, कारण तिथे त्या नियमाला अर्थ आहे. तिथे कॉमिक्स लाखांनी छापली जात. त्यातली बहुतेक दुसऱ्या महायुद्धातल्या रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत गेली, उरलेली आयांनी घर आवरताना फेकली. पण मुळात आकडा एवढा मोठा की पुष्कळशा अंकांच्या हव्या तेवढ्या प्रती अजून सापडतात. एकाच अंकाच्या दोनशे प्रती समोर असतील तर त्यातली चांगली कोणती हा प्रश्न रास्तच आहे. गुण देणं म्हणजे निवड करणं, आणि निवड करायला आधी ढीग लागतो.

याच अमेरिकेने ९० च्या दशकात एक गंमतही करून दाखवली. जुन्या कॉमिक्सच्या किमती वाचून लोकांनी नवी कॉमिक्स 'गुंतवणूक' म्हणून घ्यायला सुरुवात केली. १९९१ च्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांच्या आसपास प्रती गेल्या. १९९२ मध्ये सुपरमॅन मेला, तो अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला आणि लोकांनी ती पिशवी न फोडता कपाटात ठेवली. सगळ्यांनीच जपलं, त्यामुळे दुर्मीळ काहीच झालं नाही. बाजार कोसळला आणि १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. भाव यावा म्हणून कोऱ्या ठेवलेल्या वस्तूला बहुधा भाव येत नाही, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

आता आपल्याकडे या.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलं. इंग्रजीतला फँटम मराठीत 'वेताळ' झाला आणि आपल्या घरचाच झाला. मग मॅन्ड्रेक आला, १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. १९९० मध्ये सगळं बंद झालं. मराठी अंक वाचणार कोण? एका राज्यातली पोरं. तीसुद्धा एकेक अंक दहा-दहा जणांत फिरवणारी. छापले गेले न्यूजप्रिंटवर, जो कोरड्या कपाटातही पिवळा पडतो. आणि आमच्यासारख्या ठिकाणी तर विचारूच नका. महाड-पोलादपूरचा पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना वास. पिना गंजतात, गंजाचा डाग चार पानं खाली उतरतो. कसर लागते, वाळवी लागते, बुरशी धरते. कॅलिफोर्नियाचा माळा आणि कोकणातला माळा यांना एकच फूटपट्टी कशी लावणार?

त्यात महाडकरांच्या पाचवीला पूर पुजलेला. सावित्री आणि गांधारी दोन्ही बाजूंनी. पाणी भरणार असं वाटलं की सामान वर चढवायचं हे आमच्या बाजारपेठेत पोरासोरांनाही माहीत. पण २००५ ला आणि त्याहून वाईट २२ जुलै २०२१ च्या रात्री पाण्याने कुणाचा हिशेब ऐकला नाही. माझे स्वतःचे अंक महाडच्या आमच्या घरी तळमजल्यावरच्या कपाटात होते. पाणी ओसरल्यावर कपाटात चिखलाची एकसंध वीट निघाली. तिच्या कडेला कुठेतरी जांभळा रंग दिसत होता, त्यावरून ओळखलं. रडलो नाही. त्याच संध्याकाळी तळियेत दरड कोसळून ८० च्या वर माणसं गेली होती, खुद्द पोलादपूर तालुक्यातही घरं गाडली गेली होती. त्या आठवड्यात कॉमिक्ससाठी कोण कशाला रडेल? फावड्याने उचललं आणि चिखलाच्या ढिगावर टाकलं.

सांगायचा मुद्दा असा, की मराठी इंद्रजालच्या बाबतीत "सर्वात चांगली प्रत कोणती" हा प्रश्नच नाही. "एखादी तरी प्रत उरली आहे का" हा प्रश्न आहे. जिथे ढीगच नाही तिथे निवड कसली करता? दुष्काळात भाकरीचा पापुद्रा नीट सुटला नाही म्हणून कुणी ती टाकतं का? पण इंग्रजी बाजाराचा नियम जसाच्या तसा उचलून आपण तेच करतोय. फाटका अंक रद्दीत जातो आणि कोरा अंक डबीत जातो. म्हणजे दोन्ही वाचणाऱ्याच्या हातातून गेले ते गेलेच!

आता तो उजवा गठ्ठा बघा. गृहस्थ गेल्यावर मी आणि मामी तो घेऊन पडवीत बसलो. एका अंकाच्या पहिल्या पानावर दादाचं नाव, इयत्ता, तुकडी आणि "हरवल्यास परत करणे, न केल्यास वेताळाची खूण उमटेल". दुसऱ्याला भाताच्या खळीने जुन्या वहीचं पान डकवलेलं, तेही सुबक. (मामीचं काम. तिने ते लगेच ओळखलं, "अगं बाई, हे मी चिकटवलेलं" म्हणाली.) एकावर फणसाच्या चिकाचा डाग. एकाच्या मागच्या पानावर पाच मुलांची नावं आणि पुढे आकडे. कोणी किती दिवस नेलं त्याचा हिशेब, दिवसाला पाच पैसे! दादा दहा वर्षांचा असताना चक्क सावकारी करत होता.

गुणांच्या तक्त्यात यातली एकेक गोष्ट म्हणजे उणे. शाई उणे, डाग उणे, दुरुस्ती उणे. पण जरा विचार करा. जुन्या पोथीच्या समासात कुणी दोन शब्द खरडलेले सापडले तर अभ्यासक नाचायला लागतात. कोणी वाचली, कुठे वाचली, कशी वाचली याचा तो पुरावा असतो. मग आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या गावात पाच पोरं दिवसाला पाच पैसे मोजून वेताळ वाचत होती, याचा याहून दुसरा पुरावा कुठे मिळणार आहे? ते अंकाच्या तब्येतीत मांडण्याऐवजी आपण त्याच्या अपराधांत मांडतो.

आणि ते सात कोरे अंक? ते कोरे का राहिले, हे मला मामीने सांगितलं. दादा दहावीला नापास झाला आणि त्या उन्हाळ्यात मामाने त्याला मुंबईला दुकानात कामाला धाडला. मामा मात्र सवयीने एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवरून अंक आणत राहिला. "पोरगा गणपतीला येईल तेव्हा वाचेल." दादा गणपतीला आलाच नाही, त्याला रजा मिळाली नाही. पुढच्या खेपेला आला तेव्हा मिसरूड फुटली होती, कॉमिक्सकडे त्याने बघितलंही नाही. मामाने आणणं बंद केलं. मामीने ते सात अंक नव्या धोतराच्या घडीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवले.

नऊ गुण म्हणतात ते हे. घरातून एक पोरगा गेला, त्याची ही पावती. कोकणातल्या किती घरांतून अशी पोरं गेली त्याची मोजदाद नाही. पुण्याच्या गृहस्थांना हे माहीत नव्हतं, त्यांचा दोषही नाही. पण नियमाचा दोष आहे. कुणी हात लावला नाही हाच ज्याच्या हिशेबात सर्वोच्च गुण, त्या नियमाला पुस्तक कशासाठी असतं हेच माहीत नाही.

यावर लोक म्हणतील (आमच्या घरातले तर म्हणालेच), "भाव आला म्हणून तरी लोक जपतात. नाहीतर वाण्याच्या पुड्या झाल्या असत्या." हे अगदी खरं आहे, मी नाकारत नाही. संग्राहक नसते तर कोणते अंक निघाले, कोणत्या क्रमाने निघाले, याची यादीसुद्धा आज नसती. त्यांच्याशी माझं भांडण नाहीच. पण भाव फक्त सात अंकांना वाचवतो. उरलेल्या पन्नासांना तोच भाव मारतो, कारण "यांना किंमत नाही" हे आता जाणकाराच्या तोंडून आलेलं असतं. पूर्वी आपण आळसाने ठेवून देत होतो, आता अधिकृतपणे रद्दीत घालतो.

मग आम्ही काय केलं? दादाने विचारलं, "विकू का नको?" मी म्हटलं, विक. ते सात विक. (धक्का बसला ना? त्यालाही बसला.) ते गृहस्थ त्यांना आपल्यापेक्षा नीट सांभाळतील. कोरड्या हवेत, आम्लरहित पुठ्ठ्यावर ठेवतील. आपण इथे प्लास्टिकमध्ये घातले तर आतच ओल कोंडून बुरशी धरेल. ज्याला बाजार सांभाळतो त्याची काळजी बाजाराला करू दे. ज्याला कोणी सांभाळणार नाही ते आपलं काम.

फक्त एक अट घातली. देण्याआधी दादाने ते सातही वाचायचे. त्याने पडवीत बसून एका दुपारी वाचून काढले. चहाचा कप मात्र मामीने लांब ठेवायला लावला!

उजवा गठ्ठा आता माझ्याकडे आहे, वरच्या मजल्यावर. प्रत्येक मुखपृष्ठाचा फोटो काढला, क्रमांक आणि तारीख वहीत लिहिली, आत कुणाचं नाव असेल तर तेही. चार अंकांना मुखपृष्ठ नाही, दोघांची शेवटची पानं नाहीत. चालेल. सुट्टीत येणाऱ्या भाचरांना वाचायला देतो. मराठी अडखळत वाचतात, पण वाचतात. एकाने परवा एक कोपरा दुमडला. मी बघितलं आणि काही बोललो नाही.

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. तुमच्या माळ्यावर असा गठ्ठा असेल, इंद्रजाल असो, चांदोबा असो, अमर चित्रकथेचे जुने मराठी अंक असोत, तर तो कोरा आहे का हे आधी बघू नका. कोणते अंक आहेत ते बघा, लिहून ठेवा, मला कळवा. फाटके असतील तर आधी कळवा.

असो. फार लांबलं. बाहेर पाऊस सुरू झालाय, गठ्ठा जरा भिंतीपासून सरकवून येतो.