पुरावा आढळला नाही, पण शोधला कुठे?

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये काही वर्षं काढलेल्या अनेकांना एकदा तरी असं पत्र आलेलं असतं. बँक, विमा कंपनी, दवाखाना नाहीतर मुलांची शाळा कळवते, की आमच्या संगणकांमध्ये कुणीतरी शिरलं होतं, चौकशी पूर्ण झाली आहे, आणि ‘तुमच्या माहितीचा गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा आढळलेला नाही’. आपण पत्र वाचतो, हुश्श म्हणतो, पासवर्ड बदलायचं ठरवतो आणि विसरून जातो.

त्या शेवटच्या वाक्याकडे जरा निरखून पाहा. ‘आढळलेला नाही’ या शब्दांमागे एक शोध असतो. कुणीतरी संगणकाच्या नोंदींना प्रश्न विचारलेला असतो आणि उत्तर ‘शून्य’ आलेलं असतं. माझं म्हणणं असं, की तो शोध मूळ नोंदींवर केला की त्यांच्या आधीच तयार करून ठेवलेल्या गोषवाऱ्यावर, हे कळल्याशिवाय त्या शून्यावर विसंबू नये. आणि हे सांगण्याची जबाबदारी उत्तर देणाऱ्याची आहे.

आधी हा गोषवारा काय असतो ते पाहू. संगणकावर काही घडलं की त्याची एक ओळ लिहिली जाते: अमुक वेळी, अमुक पत्त्यावरून, अमुक खात्यानं, अमुक फाइल उघडली. या ओळींना लॉग म्हणतात. मोठ्या संस्थेत त्या दिवसाला कोट्यवधींनी साठतात. ‘गेल्या महिन्यात या खात्यानं काय काय केलं?’ असं विचारलं तर साऱ्या ओळी चाळायला तासन्‌तास लागू शकतात.

जुन्या पेढ्यांवरच्या मुनीमजींपुढेही हाच प्रश्न होता. प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमानं कीर्दीत लिहायचा आणि सवडीनं तो ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढवायचा, हे त्यांचं उत्तर. मग एखाद्या गिऱ्हाइकाकडे किती येणं आहे हे पाहायला कीर्द उलटावी लागत नाही, खतावणीतलं एक पान पुरतं. संगणकातही तसंच होतं. दर काही मिनिटांनी एक आज्ञावली नव्या ओळी वाचते, हवे तेवढे रकाने उचलते, बेरजा करते आणि वेगळ्या जागी ठेवते. पुढचे शोध तिथेच होतात. तासांचं काम सेकंदांवर येतं.

पण जे खतावणीत चढलंच नाही, ते खतावणीत सापडणार नाही. न चढण्याची कारणं अगदी साधी असतात.

पहिलं कारण वेळेचं. समजा, १०:०० ते १०:०५ या वेळेचा गोषवारा १०:०६ वाजता तयार झाला. त्या वेळी एक लॅपटॉप विमानात होता. त्यानं १०:०२ ची नोंद दुपारी दोन वाजता पाठवली. मूळ लॉगमध्ये ती १०:०२ च्या वेळेसह बसते. पण ठरावीक वेळी चालणारी आज्ञावली त्या पाच मिनिटांकडे परत वळून पाहत नाही. कधी सर्व्हरवर ताण असतो आणि आज्ञावलीची एखादी फेरीच चुकते. तेवढा तुकडा गोषवाऱ्यात कोराच राहतो. या क्षेत्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्प्लंकसोबत अशा गाळलेल्या जागा मागाहून भरणारी एक आज्ञावली मुद्दाम दिलेली असते. म्हणजे या जागा राहतात हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

दुसरं कारण मुदतीचं. मूळ लॉग वर्षभर जपले तरी गोषवारा बऱ्याचदा आठवडाभराचा किंवा तीन महिन्यांचाच ठेवतात. सोलरविंड्सचं प्रकरण आठवून पाहा. विषारी अपडेट मार्च २०२० पासून ग्राहकांकडे जाऊ लागले आणि प्रकरण डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलं. त्या डिसेंबरात तीन महिन्यांच्या गोषवाऱ्यात ‘मार्चमध्ये काय झालं?’ असं कुणी शोधलं असतं, तर काय मिळालं असतं? शून्य. आणि ते शून्य ‘मार्चमध्ये काही झालं नाही’ या शून्यासारखंच दिसलं असतं.

तिसरं कारण रकान्यांचं. गोषवारा करणाऱ्यानं खात्याचं नाव आणि वेळ उचलली, फाइलचं नाव सोडून दिलं, तर ‘ही फाइल कुणी उघडली?’ या प्रश्नाला तिथे उत्तरच नाही. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते आणि लॉगमधल्या रकान्याचं नाव किंचित बदलतं. गोषवारा करणारी आज्ञावली जुनंच नाव शोधत राहते. नव्या ओळी तिला ओळखू येत नाहीत आणि ती त्या मुकाट्यानं वगळते.

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्याचा फायदा हल्लेखोर उठवू शकतो. जागा वाचवण्यासाठी पुष्कळदा दर तासाचे ‘पहिले दहा’ तेवढे ठेवतात. समजा, प्रत्येक तासात चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्या पहिल्या दहा पत्त्यांची नोंद राहते आणि त्या यादीत यायला तासाला किमान ४० प्रयत्न लागतात. एक पत्ता एका तासात २०० प्रयत्न करून गप्प बसला; तो यादीत आला. दुसरा पत्ता दर तासाला शांतपणे ३० प्रयत्न करतोय. चोवीस तासांत त्याचे झाले ७२०, म्हणजे पहिल्याच्या साडेतीन पटींहून जास्त. पण तो कुठल्याच तासाच्या यादीत नाही. दिवसाची बेरीज या चोवीस याद्यांवरून केली, तर त्याच्या नावावर एकही प्रयत्न दिसणार नाही. सावकाश, नजरेत न येता पासवर्ड चाचपत राहणं ही हल्लेखोरांची जुनी आणि माहितीतली रीत आहे.

यात संगणक खोटं बोलत नाही. स्प्लंकमध्ये तर गोषवाऱ्यावर शोधताना एक बटण असतं: फक्त गोषवाऱ्यात पाहायचं, की जिथे गोषवारा तयार नाही तिथे मूळ नोंदीही पाहायच्या? तुम्ही काही सांगितलं नाही तर तो दोन्ही पाहतो. ‘फक्त गोषवारा’ निवडलं तर उत्तर झटकन येतं, आणि म्हणूनच भिंतीवरच्या पडद्यांवर अन् रोजच्या पहाऱ्याच्या शोधांमध्ये तीच निवड केलेली आढळते. रोजच्या पहाऱ्याला ती योग्यही आहे. पण तोच शोध चौकशीच्या अहवालात जातो, तिथून पत्रात जातो, आणि वाटेत ‘फक्त गोषवारा’ हे दोन शब्द गळून पडतात.

विज्ञानाला हा धडा एकदा आभाळातून मिळाला आहे. मे १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकातल्या हॅली बे इथल्या जमिनीवरच्या उपकरणाच्या नोंदींवरून ‘नेचर’मध्ये लिहिलं, की तिथला वसंतातला ओझोन कमालीचा घटला आहे. नासाचा निंबस-७ हा उपग्रह १९७८ पासून वरून ओझोन मोजत होता. त्याला हे दिसलं नाही का? दिसलं होतं. पण १८० डॉबसन एककांपेक्षा कमी आकडा आला की तो संशयास्पद म्हणून खूण करून बाजूला ठेवावा, असा नियम प्रक्रियेत होता. ‘नासाच्या संगणकानं ते आकडे फेकून दिले’ ही गोष्ट अजूनही सांगितली जाते, ती बरोबर नाही. आकडे फेकले नव्हते. मूळ मोजमापं जपलेली होती, म्हणूनच त्याच उपग्रहाच्या नोंदींतून पुढे विवराचा नकाशा काढता आला.

त्यातून दोन गोष्टी घेता येतात. मूळ नोंद जपा, ही एक. आणि जे बाजूला ठेवलं त्याची मोजदाद उत्तरासोबत द्या, ही दुसरी. प्रयोगशाळेत आम्हाला दुसरी गोष्ट पाळावीच लागते. तुमच्या रक्ततपासणीच्या अहवालातही ती असते: एखादा घटक सापडला नाही तर पुष्कळदा नुसतं ‘नाही’ न लिहिता ‘अमक्यापेक्षा कमी’ असं छापतात, कारण त्या यंत्राला त्याखालचं दिसत नाही. लॉगमधल्या शोधाच्या उत्तरावर अशी ओळ का नसावी?

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला खर्चाचा: सगळे मूळ लॉग कायम ठेवायचे तर साठवणीचं बिल वाढतं. दुसरा खाजगीपणाचा: या नोंदींमध्ये माणसांच्याच हालचाली असतात, त्या गरजेपेक्षा जास्त काळ ठेवणंही बरं नव्हे. मान्य. किती काळ ठेवायचं याचे नियमही आता होत आहेत. भारतात सर्ट-इननं एप्रिल २०२२ मध्ये लॉग १८० दिवस ठेवण्याचा आदेश दिला. अमेरिकेत ऑगस्ट २०२१ च्या आदेशानुसार केंद्रीय सरकारी खात्यांनी बहुतेक लॉग १२ महिने हाताशी आणि पुढचे १८ महिने थंड्या साठवणीत ठेवायचे आहेत. पण लॉग जपले म्हणजे शोध त्यांच्यावरच झाला असं होत नाही. कीर्द कपाटात कुलूपबंद आणि चौकशी खतावणीवर, असं सहज घडू शकतं.

मी जे मागतोय त्याला फारशी जागा लागत नाही. प्रत्येक तासाला मूळ ओळी किती आल्या आणि त्यातल्या किती गोषवाऱ्यात चढल्या, हे दोन आकडे ठेवा. आज्ञावलीच्या किती फेऱ्या व्हायच्या होत्या आणि किती झाल्या, हे दोन. मुनीमजी याला ताळा पाहणं म्हणत. ताळा जमला तर शून्यावर विश्वास ठेवा. जमला नाही तर त्या तुकड्यापुरता मूळ नोंदींवर शोध करा, मग त्याला रात्रभर लागली तरी चालेल. कुणाच्या आजारपणाची फाइल कुणी उघडली का, या प्रश्नाचं उत्तर सेकंदात मिळालंच पाहिजे असं नाही. ते पुरतं असलं पाहिजे.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेचजण अशाच प्रणाली चालवतात, हे मला माहीत आहे. तुमच्या पडद्यावर ‘शून्य’ दिसतं तिथे शेजारी ‘९७ टक्के ओळी पाहून’ किंवा ‘अमुक तारखेपासूनच्याच नोंदी’ असं छापायला फारसं काम नाही. ते या महिन्यात करून टाका. वरिष्ठांनी विचारेपर्यंत थांबू नका. हिरवा पडदा पाहून सहसा कुणी विचारत नाही.

आणि पत्र तुमच्या घरी आलं असेल, तर खाली दिलेल्या पत्त्यावर चार ओळींचं उत्तर पाठवा. शोध मूळ नोंदींवर केला की गोषवाऱ्यावर? कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत? त्या काळातल्या सगळ्या यंत्रांच्या नोंदी मिळाल्या होत्या का? माझी फाइल उघडली गेली असती, तर ती या शोधात दिसली असती का? बऱ्याच ठिकाणांहून साचेबंद उत्तर येईल. पण पुरेशा लोकांनी विचारलं, तर पुढचं पत्र लिहिणाऱ्याला आधी कीर्द उघडावी लागेल.