फिरोजी की समुद्री हिरवा?



दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगकाम निघते. यंदा आमच्याकडे आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खोलीचा नंबर लागला. शेडकार्डातून दोन रंग उरले, फिरोजी आणि समुद्री हिरवा. शेजारी ठेवले तर निम्म्या घराला फरक कळेना. पेंटर म्हणाला, "काकू, कुठलाही घ्या, सारखेच दिसणार."

मला हे पटत नाही. खोलीत जो राहतो त्याच्या डोळ्यांनी रंग निवडायचा. आई ८६ वर्षांच्या. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होते आणि निळा प्रकाश अडवते. त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन अजून एकाच डोळ्याचे झाले आहे. मी एकेक डोळा झाकून विचारले. ऑपरेशनच्या डोळ्याने फिरोजी छान निळा, दुसऱ्याने मात्र "मळलेला". त्यात खोली उत्तरेची. ऊन येत नाही, उजेड मुळातच थंड, निळसर.

बऱ्याच कंपन्या रंगापुढे 'एलआरव्ही' म्हणून एक आकडा देतात. रंग किती उजेड परत टाकतो, त्याचे ते माप. काळा ० च्या आसपास, पांढरा १०० च्या जवळ. आमचा फिरोजी ४७, हिरवा ६१. कॉमर्सवालीला आणखी काय हवे!

मुलाचे म्हणणे, फिरोजी पडद्यांना जुळतो, आजीला काय कळणार? अरे, ती पहाटेपासून त्याच खोलीत असते. सामायिक तिथेच, स्वाध्यायाचे पुस्तक त्याच खिडकीशी. पडदे काय, वर्षा-दोन वर्षांनी बदलतातच.

तुम्हीही नुसत्या शेडकार्डावर जाऊ नका. छोटा डबा आणून ड्रॉइंग पेपरवर दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन वाळल्यावर गडद होते. मग तो कागद चारही भिंतींवर लावून सकाळी, दुपारी आणि दिवा लावून पाहा. पिवळ्या दिव्यात आमचा फिरोजीसुद्धा हिरवाच दिसला! चारी भिंतींवर रंग कागदापेक्षा गडद वाटतो, तेही धरून चाला. आणि म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत दाराची चौकट गडदच ठेवा. फिकट भिंतीत पांढरी चौकट रात्री सापडत नाही.

शेवटी दोन्ही कागद आईंपुढे धरले. हिरव्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा उजेडाचा." आता मुलगा पडदे बदलू म्हणतोय. ते बिल त्याच्या नावावर.