स्टार्टर आणि मूठ

वसमतच्या आसपास हळदीच्या कुठल्याही मळ्यात जा, विहिरीजवळ पत्र्याची एक पेटी दिसेलच. आत एक हिरवं बटण, एक लाल. रात्री उशिरा थ्री फेज लाईट आली की माणूस बॅटरी घेऊन बांधाबांधानं जातो, पेटीचं दार उघडतो आणि हिरवं बटण दाबतो. खट्ट आवाज होतो. मोटर घुमते, पाईप आधी हवा ओकतो, मग पाणी. लगेच घरी फोन : "झाली स्टार्ट."

'स्टार्ट' या शब्दाचा इंग्रजीतला जुना अर्थ सुरुवात नव्हताच. उडी मारणं, दचकणं, एकदम हलणं असा तो होता. सुरुवातीचा अर्थ त्याला कित्येक शतकांनी चिकटला. मोटरीचंही तसंच आहे. चालू होताना ती नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, तेवढ्या एका झटक्यात. आपल्याकडे 'मोटर लाव' असंही म्हणतात, पण ती रुसली की प्रत्येकाच्या तोंडी एकच : "स्टार्टच घेईना." कोश न उघडता शेतकऱ्यानं हा शब्द त्याच्या मूळ जागी नेऊन बसवला, याचं मला फार कौतुक वाटतं.

पेरणी मात्र कोणी स्टार्ट करत नाही. चाड्यावर मूठ धरतात. 'सुरू' अरबीतून फारसीच्या वाटेनं आला, 'आरंभ' संस्कृतातून, पण आपलं खरं क्रियापद 'लागणं'. पाऊस लागतो, लेकरू बोलायला लागतं, कढईतली हळद शिजायला लागते. लागणं म्हणजे मुळात स्पर्श होणं, चिकटणं. बेणं मातीला लावतात तेही त्याच कुळातलं.

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या मातीचं नाव कागदावर आलं. मातीची ही भाषाही तेवढीच जपायला हवी. अलीकडे मोबाईलवर निरोप येतात, 'लागवड स्टार्ट'. मला ते बोचतं. शब्द इंग्रजी आहे म्हणून नाही. जमिनीत आठ-नऊ महिने राहणाऱ्या पिकाला झटका कुठला?

आमच्याकडे जूनमध्ये थोरली काकू वाकते, पहिलं बेणं सरीत ठेवते, त्यावर हातानं माती ओढते. मग कंबर सरळ करून बायांकडे बघते.

"हं, लागा गं आता."