राजमलाचं बंद फाटक

मंडळी, फेब्रुवारीत आम्ही सगळे मुन्नारला जाऊन आलो. चहाचे मळे झाले, धबधबे झाले, पण एराविकुलमचं फाटक बंद! निलगिरी ताहर विण्याचे दिवस, म्हणून राजमलाचा भाग पर्यटकांना बंद. ताईची चिडचिड सुरू झाली, "एवढ्या लांब यायचं आणि बोकडांच्या बाळंतपणासाठी परत फिरायचं?" (ताई, वाचत असशील तर रागावू नकोस.) तेव्हा मी गप्प बसलो. इथे मात्र सांगतो, मला ते बंद फाटक पटलं.

त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी याच राजमलावर गेलो होतो. तिथले ताहर माणसाला इतके सरावलेत की रस्त्याच्या कडेला अगदी हाताशी चरत असतात. मी एका मादीच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घेतला. फ्रेम करून हॉलमध्ये लावला. येणारा-जाणारा विचारायचा, मी ऐटीत सांगायचो. आता लाज वाटते. वीण बहुधा एकाच पिल्लाची, आणि पिल्लू कड्यावर आईच्या मागे उड्या मारायला शिकत असतं. त्यात आमच्यासारखे हौशी, हात पुढे करून!

तमिळमध्ये याला वरैयाडू म्हणतात, म्हणजे कड्यावरची शेळी. केरळ आणि तमिळनाडू सोडून जगात हा जंगली स्थितीत कुठेच नाही. गंमत म्हणजे २००५ साली जनुकं तपासली तेव्हा हा हिमालयातल्या ताहरापेक्षा मेंढ्यांना जवळचा निघाला!

एराविकुलम ही पूर्वी चहामळेवाल्या साहेबांची शिकारीची जागा. १९७५ मध्ये ते अभयारण्य झालं, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. जेमतेम ९७ चौरस किलोमीटर. २०२५ मध्ये दोन्ही राज्यांनी मिळून गणना केली, तेव्हा एकूण २,६६८ ताहर मोजले गेले. केरळात १,३६५, तमिळनाडूत १,३०३. त्यातले ८४१ एकट्या एराविकुलममध्ये. आकडा वाचून बरं वाटतं. पण म्हणजे उरलेले डोंगराडोंगरांवर छोट्या छोट्या कळपांनी विखुरलेले, मध्ये मळे, रस्ते आणि निलगिरीची लागवड. एका डोंगरावरचा कळप दुसऱ्या डोंगरावर जाणार कसा? एका कळपात रोग शिरला तर त्या डोंगरावरचे ताहर संपले.

आणि ताहरला झाडी नको, गवत हवं. हे आपल्या पचनी पडत नाही. उघडा डोंगर दिसला की आपण त्याला पडीक म्हणतो आणि झाडं लावायला धावतो. इंग्रजांनी तिथे ऑस्ट्रेलियातून वॅटल आणला, पुढे आपणही तेच केलं. आता तोच वॅटल गवत गिळतोय. तमिळनाडूने २०२२ मध्ये ताहरसाठी खास प्रकल्प जाहीर केला. त्यात मोजणीपेक्षाही वॅटल उपटून गवत परत आणणं महत्त्वाचं, असं माझं मत.

तिकिटाच्या पैशावर उद्यान चालतं, लोकांना रोजगार मिळतो, हे मान्य. पण दोन महिने बंद ठेवायचं म्हटलं की आपल्याला आपली रजा आठवते. त्या मादीला तर रजाच नाही.

असो. हॉलमधला फोटो मी काढून ठेवलाय. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग उरलाय आणि बायको रोज विचारतेय, तिथे काय लावायचं?