बिलाच्या आज्ञावलीतला गुंता मोजून घ्या

आपल्या बहुतेक कापड व्यापारी बांधवांचा रोजमेळ आणि खतावणी आता संगणकात गेली आहे. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, कुठेही पाहा, हाताने बिल लिहिणारा मुनीम क्वचितच दिसतो. वहीतले अक्षर बिघडले की मालक मुनीमाला लगेच टोकत असे. पण संगणकाच्या आत बिल बनविणारी जी आज्ञावली असते, तिचे अक्षर वाचण्याजोगे आहे की नाही, हे आपण विचारीत नाही. आमचे म्हणणे असे की हे विचारलेच पाहिजे, कारण त्या गुंत्याची किंमत अखेर व्यापाऱ्याच्याच गल्ल्यातून जाते.

ताजे उदाहरण सर्वांच्या अनुभवाचे आहे. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला तेव्हा तयार कपड्याच्या नगाची किंमत 1000 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के आणि त्यावर 12 टक्के कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून ही मर्यादा 2500 रुपये झाली. तिथपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के. वरवर पाहता आज्ञावलीत दोन आकडे बदलले की काम झाले. परंतु ज्या आज्ञावलीत 1000 हा आकडा वीस ठिकाणी विखुरला आहे, तिथे एक जागा सुटली तरी बिल चुकते. आणि सर्व जागा बदलल्या तरी दुसरा खड्डा आहेच. 12 टक्क्यांनी विकलेला 1200 रुपयांचा सदरा ऑक्टोबरात परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच निघाली पाहिजे, म्हणजे कर 144 रुपये. आज्ञावली नव्या दराने 60 रुपये धरते. एका नगामागे 84 रुपयांचा फरक! घाऊक व्यापाऱ्याने गाठोडी मोजून हिशेब करावा.

मग आज्ञावली किती गुंतलेली आहे हे ओळखायचे कसे? याला माप आहे. अमेरिकेतील थॉमस मॅकेब यांनी 1976 मध्ये सोपी रीत सांगितली. आज्ञावलीच्या एका भागात ‘असे असेल तर हे, नसेल तर ते’ असे जितके प्रश्न आहेत ते मोजा आणि त्यात 1 मिळवा. आपल्या बिलाचे प्रश्न पाहू. माल थानाचे कापड आहे की तयार कपडा? विक्री आहे की परतीचा माल? मूळ बिल 22 सप्टेंबर 2025 च्या आधीचे आहे काय? असेल तर नग 1000 च्या आत आहे काय? नसेल तर 2500 च्या आत आहे काय? गिऱ्हाईक महाराष्ट्रातले आहे की बालाघाटचे? प्रश्न सहा, म्हणून माप 7. मॅकेब यांनी एका भागासाठी 10 ही वाजवी मर्यादा सुचविली होती. या मापाचा दुसरा उपयोग असा की तो भाग नीट तपासायला निदान किती वेगवेगळी बिले काढून पाहावी लागतील, त्याचा अंदाज मिळतो.

गुंता कमी करण्याचा मार्गही कठीण नाही. मालाचा प्रकार, तारीख, मर्यादा आणि दर हे सारे एका तक्त्यात लिहावे. दर बदलला की तक्त्यात नवी ओळ घालावी, जुनी पुसू नये. तक्ता पाहून दर सांगण्याचे काम एका लहान, स्वतंत्र भागाकडे द्यावे. मग मुख्य भागात दोनच प्रश्न उरतात, विक्री की परती आणि राज्यातले की बाहेरचे. माप 7 वरून 3 वर येते. परतीच्या मालाला मूळ बिलाची तारीख दिली की जुना दर आपोआप लागतो. आपल्या जिल्ह्यातले विणकर करवतकाठी साडी तीन धोट्यांनी विणतात. दोन्ही काठ आणि मधले अंग यांचा धागा वेगळा चालतो आणि करवतीच्या दात्यांशी जोडला जातो. काम वाटून द्यावे आणि जोड पक्का ठेवावा, ही समज आपल्याकडे जुनीच आहे.

मात्र आकड्यालाच सर्वस्व मानू नये. एका प्रश्नाच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा असेल तर वाचणाऱ्याचे डोके फिरते, पण माप तेवढेच राहते. ‘गिऱ्हाइकाचे राज्य’ असे लिहिण्याऐवजी कोणी ‘क1’, ‘क2’ लिहिले, तर तेही मापात दिसत नाही. निव्वळ आकडा उतरविण्यासाठी एका भागाचे पन्नास तुकडे केले, तर वाचणारा या पानावरून त्या पानावर धावतच राहील. शिवाय कायद्यातच जो गुंता आहे तो कोणताही प्रोग्रामर काढू शकत नाही. तो फक्त एका जागी, स्पष्ट लिहून ठेवू शकतो.

टॅलीसारखी तयार आज्ञावली घेणाऱ्यांना तिचे पोट उघडून पाहता येत नाही. त्यांनी दर बदलला की परतीची आणि परराज्याची बिले काढून तपासावी. पण जे बांधव गावातल्याच मुलाकडून स्वतःची आज्ञावली करून घेतात, त्यांनी पैसे ठरवितानाच अटी घालाव्यात. मूळ लिखाण मालकाच्या ताब्यात असावे. दर तक्त्यात असावेत. प्रत्येक भागाचे माप लिहून द्यावे आणि ते दहाच्या वर असेल तर कारण सांगावे. लिखाण दुसऱ्या एका जाणकाराला वाचायला द्यावे. त्याला अर्थ लागला नाही तर काम पुरे झाले असे समजू नये. लिहिणारा मुलगा उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला, तर दुकान त्याच्या फोनची वाट पाहत बसू शकत नाही.

आपल्या मोहल्ल्यांतली मुले आज बी.सी.ए. होऊन बाहेर पडत आहेत. त्यांना काम अवश्य द्यावे. पण नुसते चालणारे नव्हे, दुसऱ्यालाही वाचता येईल असे काम मागावे आणि त्याचे दोन पैसे जास्त द्यावेत. ते पैसे पुढच्या दरबदलाच्या दिवशी वसूल होतील.