नॉमिनीशी नाते: इतर

मराठीत 'मित्र' हा शब्द भलताच सोयीचा आहे. घरमालकाला सांगायला मित्र, सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगायला मित्र, आणि मी ज्याच्याबरोबर गेली पाच वर्षं राहतोय तोही मित्रच. शब्दाबद्दल माझी तक्रार नाही बरं का. तो माझा मित्र आहेच. आधी मैत्री झाली, प्रेमबिम नंतर. दोन गे माणसांना एका फ्लॅटमध्ये निवांत राहता येतं ते या एका शब्दाच्या आडोशाने. दोन पोरं एकत्र राहतात म्हटलं की पुण्यात कोणी फारसं विचारत नाही.

घोटाळा होतो तो कोणी आजारी पडलं की. किंवा गेलं की.

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यातला एकजण २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेला. दोघं अकरा वर्षं एका घरात होते. हॉस्पिटलच्या कागदांवर सह्या करायला गावाहून भाऊ आला. दुसऱ्याला दहाव्याला बोलावलं, ते 'रूममेट' म्हणून. जेवायला वाढलं, आणि जेवण झाल्यावर फ्रीज कोणाच्या पैशातला याची चौकशीही केली! त्याला ऑफिसात धड रजा मागता आली नाही. रूममेट गेला म्हणून कोण रजा देतं? बायको गेली तर माणसाला आठवडाभर कोणी फोन करत नाही. हा चौथ्या दिवशी स्टेटस कॉलवर होता. त्याच्याजवळ रात्री झोपायला जे गेले ते मित्र, म्हणजे खरे मित्र, आडोशाचे नव्हेत. आळीपाळीने, जवळजवळ महिनाभर.

गोव्याच्या डॉमिनिक डिसूझाची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. रक्तदानामुळे त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं आणि १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला उचलून नेलं. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. चौसष्ट दिवस एकट्याला डांबून ठेवलं. आई, ल्युसी डिसूझा, मुंबई हायकोर्टात गेली. डॉमिनिक १९९२ साली गेला, पण त्याआधी त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. ओनीरचा 'माय ब्रदर... निखिल' (२००५) हा सिनेमा याच हकिकतीवर बेतलेला आहे. सगळी पात्रं एकेक करून कॅमेऱ्याशी बोलतात, गेलेल्या माणसाबद्दल. बहीण बोलते आणि नायजेलही बोलतो, तिच्याइतक्याच हक्काने. मला वाटतं या सिनेमाची सगळ्यात धाडसी गोष्ट हीच. प्रियकराला रडायला जागा दिली. (जुही चावला बहीण म्हणून काय सुंदर वावरलीये, पण ते पुन्हा कधीतरी.)

आता कायद्याचं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ चा फास काढला, पेढे वाटले, सगळं झालं. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाने आमच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला आणि काम सरकारवर सोपवलं. सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये काही पत्रकं काढली: जोडीदाराबरोबर जॉइंट खातं उघडायला, त्याला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिलं की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा.

'उपलब्ध नसतील तर'. आमच्या भाषेत सांगायचं तर आम्ही 'एल्स'मध्ये आहोत :) आणि नातेवाईक, जिवंतपणी कितीही अनुपलब्ध असोत, मेल्यावर हमखास उपलब्ध होतात.

नॉमिनी केलं म्हणजे काम झालं असं आमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं. तेही खरं नाही. नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी पैसे सांभाळणारा माणूस, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत तर २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्वच्छ सांगितलं. अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर सगळं आधी आईकडे. ती नसेल तर वडिलांकडे, मग भावाबहिणींकडे. ज्याने निम्मे हप्ते भरले त्याचं नाव या यादीत कुठेच नाही.

म्हणून माझं मत असं, आणि यावर आमच्या ग्रुपमध्ये कडाक्याची भांडणं होतात, की लग्नाच्या कायद्याची वाट बघत बसू नये. कायदा हवाच, नको कोण म्हणतंय? पण तो उद्या आला तरी त्यात जोडपीच बसणार. आमच्यात एकटे राहणारे कितीतरी आहेत. पन्नाशी ओलांडलेले, आईवडील गेलेले, भावाशी बोलणं नाही. त्यांचं काय? त्यांना दवाखान्यात नेणारा मित्रच असणार आहे, आणि त्याला कागदावर काही किंमत हवी. मद्रास हायकोर्टाने २०२५ च्या मे महिन्यात एका प्रकरणात म्हटलं की कुटुंब उभं करण्याचा लग्न हा एकच मार्ग नव्हे. वाचून बरं वाटलं. मानसिक आजारापुरतं तर २०१७ च्या कायद्याने हे आधीच मान्य केलंय: कुठल्याही सज्ञान माणसाला साध्या कागदावर लिहून आपला प्रतिनिधी नेमता येतो, तो नातेवाईक असायलाच हवा असं नाही. मग हाडं मोडली, मेंदूत रक्तस्राव झाला तर वेगळा न्याय का?

तोपर्यंत आम्ही पाचजणांनी एक जुगाड केलाय. एकमेकांच्या घराच्या किल्ल्या, मेडिक्लेमच्या कार्डांचे फोटो, रक्तगट, औषधांची यादी, आणि कोणाच्या घरी कोणाला आधी फोन करायचा (आणि कोणाला अजिबात नाही) एवढं सगळं एका फाइलमध्ये. फाइल बनवताना हसून हसून पुरेवाट झाली. एकाने 'माझ्या दिवसांना पंडित नको, बिर्याणी मागवा' अशी नोंद केलीये. मग एकाने विचारलं, आपल्यातला शेवटचा जो उरेल त्याचं कोण बघणार? त्यावर कोणी काही बोललं नाही. चहा आला.

मृत्युपत्र मात्र नीट करतोय. साध्या कागदावर चालतं, रजिस्टर केलंच पाहिजे असं नाही, दोन साक्षीदार लागतात. ज्याला द्यायचंय तो साक्षीदार नसलेला बरा. एक सही ग्रुपमधल्याची. दुसरी बहिणीची असावी असं मला वाटत होतं, म्हणजे उद्या घरातून कोणी उठलं तर तीच समोर असेल. मसुदा तिला पाठवला. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं, "शनिवारी ये, दोघंही या. सही करते. आईला मात्र तू सांगायचं."

आईला कसं सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.